शेऱ्याचा रकाना

माझ्या भाच्याचं वाशिमला कृषी केंद्र आहे. मृग जवळ आला की तिथं सोयाबीनच्या थैल्यांपेक्षा माणसं जास्त होतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर खडू झिजवलेल्या माझ्यासारख्याला फोन येतो, "मामा, दोन दिवस कॉम्प्युटरवर बसा. नुसती नावं तर टाकायची आहेत."

नुसती नावं! पहिल्याच दिवशी एक म्हातारी समोर उभी राहिली. तिनं पिशवीतून कागद काढला, त्यावरचं नाव 'गं.भा.'पासून सुरू होत होतं. मी तसंच टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नावात चिन्हं चालत नाहीत. टिंबं काढली तर 'गंभा' झालं. ते मात्र लगेच चाललं. 'गंभा' असं नाव जगात कुणाचं नसेल, पण त्यात टिंब नव्हतं, एवढं त्या यंत्राला पुरलं. म्हातारीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "राहू द्या गुर्जी, मले कोन हाका मारते त्या नावानं."

मग मोबाईल. दहा आकडे पाहिजेत, नऊ नको, अकरा नको आणि सुरुवात सहा ते नऊ यांपैकीच एकानं. मी आधी '९' असा मराठीत टाकला, तर तेही चालेना. जन्मभर ज्या नऊला गिरवून घेतलं, तो म्हणे अंकच नव्हे. एका गड्याला नंबर पाठ नव्हता. त्याच्या मागे रांग पार रस्त्यावर गेलेली. भाचा माझ्या खांद्यावरून वाकला आणि त्यानं नऊचं बटण दहा वेळा दाबलं. यंत्र तृप्त झालं. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्यानं आपला अगदी खरा नंबर दिला, पण आरंभी शून्य लावून. तो परत पाठवला गेला. शाळेत अशा मुलाला आम्ही अर्धे तरी गुण देत असू.

जिल्ह्याची तर वेगळीच कथा. यादी इंग्रजी वर्णक्रमानं असल्यामुळे वाशिम शेवटून दुसरं येतं. खाली यवतमाळ, वर वर्धा. बोट जरा घसरलं की मंगरूळपीरचा माणूस वर्ध्याला जातो, आणि त्याची तक्रार कुणी करत नाही, कारण वर्धा हाही रीतसर जिल्हाच आहे. त्याआधीचं सॉफ्टवेअर तर याहून जुन्या वळणाचं होतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून आमचा जिल्हा झाला, पण त्याच्या यादीपर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. भाच्यानं दोन वर्षं सगळं वाशिम अकोल्यात ठेवून धंदा केला.

पत्त्याच्या रकान्यावर आलो की मला श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतात कविता करायचा, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला सहा आकडी पिनकोड मिळाला तो त्यांच्यामुळे. त्यांच्यापुढची अडचण आमच्या जिल्ह्याला चांगली कळेल. मालेगाव म्हटलं की सारा महाराष्ट्र नाशिककडे पाहतो, आमचं मालेगाव बिचारं 'जहांगीर' लावून फिरतं. कारंजेही दोन, आमचं लाडांचं आणि वर्धेकडचं घाडग्यांचं. वेलणकरांनी कुणाला गावाचं नाव बदला म्हटलं नाही, पत्ता सरळ लिहा अशी अट घातली नाही. तुम्ही खुशाल लिहा 'मारुतीच्या देवळामागे, चिंचेपाशी', त्याच्या शेजारी हे सहा आकडे तेवढे टाका, बाकी आमचं आम्ही पाहू. आता माझ्यासमोरच्या रकान्यात चिंच बसत नाही. तीस अक्षरांत देऊळ संपतं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेल्या माणसाकडे घर क्रमांक मागायचा, तर त्याच्या तांड्यात घरांना नायकाच्या घरापासूनचं अंतर असतं, क्रमांक नसतो. लाल चांदणी असल्यामुळे रकाना मोकळा सोडता येत नाही. मी '१' टाकतो. माझ्या हिशेबानं त्या तांड्यात आता सगळेच एक नंबरच्या घरात राहतात.

सगळ्याच तपासण्या अशा बुद्दू असतात असं मात्र नाही. खताच्या यंत्रात आधार क्रमांक टाकताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली की तिथल्या तिथे कळतं, याचं मला फार नवल वाटायचं. मग कळलं की आधारचे बारा आकडे सगळेच मोकळे नाहीत. बारावा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेबानं काढलेला असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले की हिशेब जुळत नाही. ही रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली, आणि त्यासाठी माणसं आकडे लिहिताना कुठं कुठं चुकतात याचे नमुने त्यानं तिकडच्या टपाल खात्याकडून घेतले होते. माणसाच्या चुकीचा आधी अभ्यास, मग नियम! मास्तर म्हणून मी या गृहस्थाला मनोमन नमस्कार केला. त्यात आणखी एक गंमत. डच भाषेतही 'त्रेसष्ट' म्हणताना आपल्यासारखं आधी तीन आणि मग साठ म्हणतात. म्हणजे 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी पोरं त्याच्या देशातही असणार. आमच्याकडे याच घोळापायी २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशी वाचनाची रीत दिली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी पोरं आकडे उलटे लिहीत. मी कान धरला. व्हेरहूफनं बारावा आकडा धरला.

पण त्याच खताच्या यंत्रावर पुढं अंगठा द्यावा लागतो आणि तिथं सगळं गणित थांबतं. निंदण, सोंगणी, विहिरीचा दोर यांत ज्यांच्या रेषा पार पुसून गेल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. कुणी तो डोक्यावरच्या केसांत घासतं, कुणी ओल्या फडक्यानं पुसतं. आम्ही प्रौढ शिक्षणाच्या वर्गात 'अंगठाबहाद्दर' म्हणून ज्यांना सहीला बसवलं, तेच आता विचारतात, "गुर्जी, सही येते ना मले, ते काऊन नाई घेत हे?"

या सगळ्यावर मी भाच्याच्या कानावर बरंच घातलं असतं, पण १ जूनला माझं तोंड बंद झालं. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पडद्यावर फुगे. आज या ग्राहकांचा वाढदिवस! खाली यादी, ती संपता संपेना. भाच्याला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. नावं वाचत गेलो आणि कानाच्या पाळ्या तापल्या. त्यातली कितीतरी माझ्या शाळेतली. पहिलीत घालायला आलेला बाप म्हणायचा, "पोळ्याच्या टायमाले झाला, ज्या साली विहीर कोसळली." दाखल-खारीज रजिस्टरात पोळा बसत नाही, विहीर तर नाहीच. रकाना मोकळा ठेवला की साहेब लाल शेरा मारत. मग मी वयाचा अंदाज घेऊन साल धरायचो आणि पुढं सुवाच्य अक्षरात लिहायचो, १ जून. शाळेच्या हिशेबाला सोयीची तारीख. अख्ख्या गावाला मी एकाच दिवशी जन्माला घातलं. नऊचं बटण दहा वेळा दाबणाऱ्या भाच्याला मी काय तोंडानं बोलणार? तो माझाच भाचा. "मामा, एवढे लोक एकाच दिवशी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पाऊस चांगला असेल त्या साली."

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मला पडद्याच्या तळाशी एक रकाना सापडला. वर चांदणी नाही, अक्षरांचं बंधन नाही, टिंबं चालतात, मराठी नऊसुद्धा चालतो. 'शेरा.' मी सहज एकेकाचं पान उघडून पाहू लागलो आणि दिवा लावल्यासारखं झालं. दहा नऊवाल्या गड्याच्या पानावर भाच्यानं लिहिलं होतं: 'फोन नाही. शेजारच्या किराणा दुकानात निरोप ठेवणे.' दुसऱ्या पानावर: 'नंबर नातवाचा आहे, तो पुण्यात असतो, आईला कळवतो.' तिसऱ्यावर: 'जिल्हा वर्धा चुकून पडला, आपलाच माणूस.' एकावर चिंच होती, देऊळ होतं, ओढ्यात पाणी असलं तर कुठून वळायचं तेही होतं. आणि 'गंभा'च्या पानावर, आजच्याच तारखेला: 'पैसे दिवाळीनंतर. मागू नये, आपण होऊन आणून देते.'

मी चोरून माझं पान शोधलं. परसबागेसाठी मेथीचं बी नेलं होतं कधीतरी, तेव्हाचं. नाव बरोबर, मोबाईल बरोबर, ईमेल दुकानाचाच चिकटवलेला. जन्मतारीख अर्थात १ जून, मलाही कुणीतरी गुरुजींनीच शाळेत घातलं होतं. खाली शेरा: 'मामा. चुका काढतात. चहा लवकर द्यावा.'