पुसलेले न सोडणाऱ्या डिस्कचा गौरव

समजा, करंज्यातल्या एखाद्या मच्छीमार संस्थेत एक संगणक आहे. बोटींची नोंदणी, परवाने, खलाशांची आधार कार्डे, डिझेल परताव्याचे प्रस्ताव, सगळे त्याच्या पोटात. जून-जुलैची मासेमारी बंदी चालू आहे, होड्या शाकारून झाल्या आहेत, कचेरीत निवांत आहे. अशा वेळी पडद्यावर ओळ उमटते: डिस्कवर जागा शिल्लक नाही. सेक्रेटरी नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचे जुने व्हिडिओ पुसतात, कचरापेटीही रिकामी करतात. जागा तसूभर वाढत नाही.

अडाणी माणूस याला बिघाड म्हणेल. आम्ही याला निष्ठा म्हणतो, आणि सुजाण नागरिकांनीही तसेच म्हणावे अशी आमची विनंती आहे.

या निष्ठेचे श्रेय स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या त्या क्षणीची स्थिती, जपून ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमला द्यावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस केली. ओरॅकलमध्ये ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये बीटीआरएफएसचे काम हाती घेतले. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली आणि २०२० पासून फेडोराच्या डेस्कटॉपवर न मागता मिळू लागली. तिची रीत अशी की, फाइल बदलली तरी जुन्या मजकुरावर नवे लिहायचे नाही. नवे दुसरीकडे लिहायचे. त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात निघतो आणि त्या क्षणी जवळजवळ फुकट असतो. पुढे तुम्ही काहीही पुसा. एका जरी स्नॅपशॉटला ते आठवत असेल तोवर ते जागा अडवून बसते. दर तासाला एक स्नॅपशॉट घेण्याची आज्ञा देऊन ठेवली आणि ती आज्ञा दिल्याचे विसरून गेले, की ही व्यवस्था पूर्णत्वाला पोहोचते.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडण्याची अनुदार पद्धत आहे. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा सोबती. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे बांधायला शिकवले, त्यांतला एक चक्क नष्ट करायच्या कागदांचा! एवढा कोरडेपणा यंत्राला शोभत नाही. स्नॅपशॉट सांभाळणाऱ्या स्नॅपर नावाच्या प्रोग्रॅमलाही ताशी किती, रोजचे किती, महिन्याचे किती ठेवायचे हे सांगता येते, उरलेले तो आपणहून काढतो. पण ती मर्यादा शून्य घालावी की दहा, यावर एकमत व्हायला सभा बोलवावी लागेल. तेव्हा सगळेच ठेवणे हे लोकशाहीला धरून आहे.

आता जागा कोणी खाल्ली याची चौकशी करू. झेडएफएसवर एकेका स्नॅपशॉटला विचारा, तो सांगतो, माझ्या नावावर जेमतेम काही किलोबाइट. खोटे नाही ते. त्याच्या खात्यात फक्त त्याने एकट्याने धरलेला मजकूर मोजला जातो. जो व्हिडिओ दोघांनी मिळून धरला आहे, तो कोणाच्याच नावावर नसतो. प्रत्येकजण निर्दोष, आणि सगळे मिळून दोनशे जीबी. सहकाराचे तत्त्व इतक्या शुद्ध रूपात आमच्या पाहण्यात दुसरीकडे आलेले नाही.

बीटीआरएफएसची तऱ्हा याहून राजस. ती डिस्कचे मोठाले तुकडे पाडते, साधारण एकेक जीबीचे. काही मजकुराला, काही मजकुराच्या नोंदींना. मजकुराचे तुकडे अर्धे रिकामे असतात, नोंदींचे गच्च, आणि नवा तुकडा पाडायला डिस्क उरलेली नसते. मग नेहमीचा हिशेब तीस जीबी मोकळे दाखवतो आणि यंत्र ‘जागा नाही’ म्हणते. दोघेही खरे बोलतात. गंमत पुढेच आहे: पुसल्याचीही नोंद नव्या जागी लिहावी लागते, म्हणजे जागा करण्यासाठी जागा हवी. ज्याने एखाद्या दाखल्यासाठी आधी दुसरा दाखला काढला आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागू नये.

काही उतावळे म्हणतात, आधी स्नॅपशॉटांची यादी पाहा, जुने काढा, यंत्र मागच्या मागे सावकाश जागा मोकळी करते तेवढा धीर धरा, मग बॅलन्सची आज्ञा देऊन रिकामे तुकडे परत मिळवा. अगदीच अडले तर पेनड्राइव्ह तात्पुरता डिस्कला जोडून घ्या, आणि काम झाल्यावर रीतसर वेगळा करा. नुसता उपटलात तर सगळेच जाईल. जागेचा हिशेबही बीटीआरएफएसच्याच यूसेज आज्ञेला विचारा. हे सारे बहुधा एका दुपारचे काम आहे. आमचा विरोध नेमका याच कारणासाठी आहे. दुपारभरात सुटणाऱ्या प्रश्नाची कोण कदर करणार?

शिवाय सुरक्षितता. हजार स्नॅपशॉट असताना वेगळा बॅकअप कशाला, असे म्हणणाऱ्यांचा आत्मविश्वास पाहून आम्हांला भरून येते. त्या हजार प्रती एकाच डिस्कवर असतात; खरे तर प्रतीही नसतात, एकाच मजकुराकडे दाखवलेली हजार बोटे असतात. खाडीच्या खाऱ्या दमट हवेने डिस्क बसली, तर मागे एकही प्रत पोरकी राहत नाही. इतका समान न्याय विरळा.

म्हणून आमचा ठराव असा: एकही स्नॅपशॉट काढू नये, तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी घ्यावा, आणि मोठ्या डिस्कची मागणी करावी. ठरावाचा मसुदा तयार आहे. संगणकात साठवायला जागा नसल्याने तो हातानेच लिहिला आहे. वाचकांनी येऊन अनुमोदक म्हणून सही करावी.