हरवलास तर काय सांगशील?

डोंबिवलीत पूर्वी मूल बोलू लागलं की बडबडगीतांच्याही आधी त्याच्याकडून पत्ता घोटून घेत. स्वतःचं नाव, बाबांचं पूर्ण नाव, इमारत, मजला, स्टेशन पूर्वेला की पश्चिमेला. मूल ते सगळं आरतीसारखं म्हणे, अर्थ न कळता आणि शेवटाकडे वेग वाढवत. १९९९ साली गणेश मंदिरानं पाडव्याची शोभायात्रा सुरू केली. तेव्हा फडके रोडवर लेझीम बघायला निघालेल्या मुलांच्या खिशात तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवणाऱ्या आया मला आठवतात. हरवलास तर रडायचं नाही, पोलीसकाकांना सांगायचं. गर्दीची भीती होती. पण हीच गर्दी मूल घरी आणून सोडेल, असा भरवसाही होता.

त्या आया आता आज्या झाल्यात आणि घरात नातवाची नवी उजळणी ऐकतात: नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, फोटो पाठवायचा नाही. ‘अरे, मग हरवला तर?’ आजी विचारते. नातू तर समोरच सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला असतो. फक्त गेममध्ये त्याच्याशी गप्पा मारणारा ‘ड्रॅगन किंग’ बारा वर्षांचा आहे की बेचाळीस, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. लोकलमधल्या बेवारस पिशवीला हात लावायचा नाही, हे नातवाला घोषणेच्या सुरासकट पाठ आहे. ‘मोफत डायमंड’ची लिंक मात्र त्याला बेवारस वाटत नाही.

आपणही काही कमी नाही. जूनमध्ये शाळेच्या फाटकापाशी, बॅज दिसेल असा फोटो काढून तो साऱ्या गोतावळ्याला आपणच पाठवतो. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बाबाच जन्मसाल मागे सरकवतात. चौथीतला बाळ कागदोपत्री आईबाबांच्या लग्नाआधीचा होऊन बसतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. ती द्यायला बाबा एका पायावर तयार!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाइल, टीव्ही बंद होतात. हेवा वाटतो. आपल्याकडे सातला निम्मे आईबाप कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लटकत असतात. मोबाइल बंद ठेवला तर ‘पोचतेच आहे, दूध पिऊन घे’ हे सांगायचं कशावर?

हरवलेलं मूल सापडलं की पूर्वी आधी कुशीत घेत, धपाटा मागाहून. आता नको तो फोटो पाठवून बसलेलं मूल गप्प राहतं, कारण त्याला ड्रॅगन किंगपेक्षा मोबाइल जप्त होण्याची धास्ती जास्त असते. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे नंबर त्याच्याकडून जरूर पाठ करून घ्या. त्याच बैठकीत ‘आधी ऐकून घेईन, मोबाइल हिसकावणार नाही’ हे त्यालाही तुमच्याकडून पाठ करून घेऊ द्या.