खणल्याशिवाय कळत नाही

२० सप्टेंबर २०२४ रोजी, दुपारी चारच्या सुमारास, पुणे महापालिकेचा एक ट्रक बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात गेला आणि तिथून थेट जमिनीखाली गेला. ड्रेनेज सफाईची गाडी. आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले आणि त्यांच्या पोटात, नंतर सगळ्यांच्याच लक्षात आलं त्याप्रमाणे, जुनी झाकलेली विहीर. जमीन खचली आणि बघता बघता गाडी गडप. ड्रायव्हर वेळीच बाहेर पडला म्हणून या प्रसंगावर चार शब्द हसून लिहायची सोय आहे. गाडी मग क्रेन लावून वर काढली.

चित्रफीत देशभर फिरली आणि लोकांनी महापालिकेला यथेच्छ नावं ठेवली. मला ते पटलं नाही. ड्रेनेज खात्याचं काम काय? जमिनीखाली काय चाललंय ते बघणं. एरवी कुणीतरी चेंबरचं झाकण उचकटून, बॅटरी मारून आत डोकावतं आणि ‘तुंबलंय’ एवढाच शेरा मारून निघून जातं. या वेळी अख्खं वाहन जातीने पाहणीला उतरलं. आपल्या विषयात इतक्या खोलात जाणारं दुसरं सरकारी खातं दाखवा.

आणि खरं सांगायचं तर दुसरा मार्गही नाही. पुण्यात खाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. वरचं मात्र सगळं सगळ्यांना तोंडपाठ. कुठल्या दुकानाची पायरी फुटपाथवर किती इंच सरकली, कुठल्या वाड्यातला कितवा भाडेकरू जागा सोडायला तयार नाही, कोपऱ्यावरची टपरी कुठल्या माननीयांच्या आशीर्वादाने उभी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच कोपऱ्यावर तीन फूट खाली लाइन सहा इंची की आठ इंची, चालू की बंद, पाण्याची की मैल्याची, असं विचारलंत की चार खात्यांत एकदम शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘ड्रॉइंग बघावं लागेल.’ ड्रॉइंग मागच्या साहेबांकडे होतं. मागचे साहेब निवृत्त होऊन मुलाकडे अमेरिकेत आहेत.

पूर्वी असं नव्हतं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं, ते जमिनीखालून बांधीव नळ घालून. त्या नळाला जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. आतली हवा त्यातून बाहेर पडायची आणि नळात काय चाललंय ते वरून बघता यायचं. पंप नाही, वीज नाही, निव्वळ उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं. मागासलेलाच काळ म्हणायचा! आत बघायला रस्ता फोडावा लागत नसे, त्यामुळे ठेकेदारीला वावच नव्हता. पुढच्या पिढ्यांनी ती उणीव भरून काढली. कित्येक उच्छ्वास बुजले, त्यांच्यावर रस्ते आले, रस्त्यांवर डांबराचे थर चढले आणि खालचं सगळं विस्मरणात गेलं. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना जुनं भुयार लागलं, तेव्हा शहर थक्क झालं. पाण्याच्याच जुन्या व्यवस्थेतलं ते असावं, असं जाणकारांनी सांगितलं. आपल्याच पोटात काय आहे ते या शहराला ऑपरेशनच्या टेबलावर कळतं.

हा नियम आता जमिनीवरच्या गोष्टींनाही लागू होऊ लागलाय. २ ऑक्टोबर २०२२ला रात्री एकच्या सुमारास चांदणी चौकातला जुना पूल सुमारे सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला. तो महापालिकेचा नव्हता, महामार्गवाल्यांचा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नको त्याला श्रेय जायचं. धूळ बसली तेव्हा पुलाचा काही भाग जागेवर शाबूत. आत लोखंड अंदाजापेक्षा जास्त निघालं, असा खुलासा आला. सरकारी बांधकामात एखाद्याने चक्क कागदावर लिहिल्यापेक्षा जास्त लोखंड घातलं असेल, ही शक्यता कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. उरलेला पूल मग यंत्रांनी फोडावा लागला.

पेठेतली कुठलीही गल्ली घ्या. डिसेंबर महिना, नवा रस्ता, डांबराचा वासही अजून गेलेला नाही. सकाळी नऊला जेसीबी येतो. मागोमाग मोटरसायकलवर ठेकेदाराचा सुपरवायझर, त्याच्या मागून कनिष्ठ अभियंता, म्हणजे जेई. जेई नवे असतात. आधीचे बदलून बांधकाम परवानगीला गेलेले असतात. तिथली हवा प्रकृतीला मानवते म्हणतात.

‘साहेब, लाइन कुठाय?’ सुपरवायझर विचारतो.

‘इथंच असणार,’ असं म्हणत जेई फक्कीने रस्त्यावर एक पांढरी रेघ ओढतात. रेघ मात्र आत्मविश्वासाने ओढलेली असते.

जेसीबी दात रोवतो. चार फुटांवर गॅसची पिवळी पाइप. थांब, थांब! जरा अलीकडे. तिथे काळ्या केबलचा जुडगा. कुणाची केबल म्हणून चार कंपन्यांना फोन लावले जातात. चौघंही म्हणतात, आमची नाही. तुटल्यावर चौघंही धावत येतात. आणखी अलीकडे बिडाची जुनी पाइप लागते, वर गंज, आत कोरडी ठणठणीत. जेई वहीत लिहून घेतात, ‘बंद लाइन.’ जेसीबी तिला जरासं ढोसतो. दहा मिनिटांनी गल्लीत दुमजली कारंजं उडतं. लाइन बंद नव्हती. पाण्याची वेळ झाली नव्हती.

मग कुणीतरी म्हणतं, ‘मामांना बोलवा.’

मामा म्हणजे निवृत्त चावीवाले. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून वर्षानुवर्षं पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवत हिंडलेला माणूस. हातात दुधाची पिशवी, पायात स्लिपर, असे ते येतात. खड्ड्याकडे बघतच नाहीत. आजूबाजूच्या भिंतींकडे बघतात, एक वाडा मोजतात, दुसरा मोजतात.

‘साहेब, आंब्यापासनं चार पावलं शनिपाराच्या अंगाला. मग डावीकडं.’

‘मामा, आंबा कुठाय?’

‘रस्तारुंदीत गेला की.’

‘मग आता?’

‘मग काय, मी उभा ऱ्हातो. मलाच आंबा समजा.’

जेई समजतात. चार पावलं मोजून खणतात आणि लाइन बरोब्बर तिथे निघते. मामा दुधाची पिशवी सांभाळत घरी जातात. त्यांनी सांगितलेलं कुणी कागदावर उतरवून घेत नाही. वही जेसीबीच्या खाली असते.

लोक म्हणतात, महापालिकेच्या खात्यांत समन्वय नाही. मला उलट वाटतं. इतका समन्वय दुसरीकडे क्वचितच सापडेल. पथ विभाग रस्ता करतो, पाणीपुरवठा तो फोडतो, मलनिःसारण बुजवलेला पुन्हा उकरतं, विद्युत विभाग सगळ्यांचं होईपर्यंत शांतपणे वाट बघतो आणि मग आपला चर मारतो. चौघं एकाच दिवशी आले असते तर रस्ता एकदाच फुटला असता, निविदा एकच निघाली असती. नकाशा नसल्यामुळे चार निघतात. खालचा नकाशा एकदा झाला की खर्च एकदाच. नसला की दरसाल. अशा मौल्यवान अज्ञानाला हात कोण लावेल?

बरं, हिशेबात म्हणाल तर कमालीची नेमकी माणसं. खासगी कंपन्यांना रस्ता खोदण्यासाठी महापालिकेने लावलेला दर मीटरला १२,१९२ रुपये. वरचे ब्याण्णव रुपयेही सोडलेले नाहीत. रस्त्याच्या एका मीटरची किंमत ज्यांना पै-पैशापर्यंत ठाऊक आहे, त्यांना त्या मीटरखाली काय आहे ते विचारू नये. एखाद्याला सगळंच कसं येणार?

शिवाय जमिनीखालच्या पाइपला फीत बांधता येत नाही. तिथे कोनशिला बसवावी तर ती खड्ड्यात जाणार. म्हणून अंदाजपत्रकात ड्रेनेजसाठी पडलेल्या पैशाचं वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ होतं आणि ते पैसे चौकाच्या सुशोभीकरणात उगवतात. फेब्रुवारी लागला की चांगले धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून तसेच दुसरे बसवायची लगबग सुरू होते. जुने कशाने बिघडले होते, हे विचारायचं नसतं. मार्चअखेर आली, एवढा बिघाड पुरतो. पूर्वी याचा दोष नगरसेवकांना द्यायची पद्धत होती. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली, प्रशासक आले, मुख्य सभेत खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि ब्लॉक बसतच राहिले. तेव्हा दोष माणसांचा नसावा, ब्लॉकचाच असावा.

वरचा नकाशा म्हणजे विकास आराखडा. तो आहे, आणि रंगीत आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा आराखडा राज्य सरकारने मंजूर केला जानेवारी २०१७ मध्ये. लग्नपत्रिका बारशाला वाटावी, तसा. त्याच्या आधीच्या, १९८७च्या आराखड्यात एक उच्च क्षमता वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. तो तेव्हापासून कागदावर अत्यंत वेगाने वाहतो आहे. त्या रेषेच्या भरवशावर ज्यांच्या जमिनी अडकल्या, त्यांची नातवंडं आता वकील झाली असतील, आणि तीच केस चालवत असतील.

नकाशाकडे दुर्लक्ष केलं की नेहमीच हसता येतं असं मात्र नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा भरून वाहिला. कात्रजकडून आलेलं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर असं करत घराघरांत शिरलं. सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. ओढ्याची जागा आपण सोयीप्रमाणे आवळत, वळवत, झाकत आलो होतो. पाण्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

तर पुन्हा पाण्याकडेच येऊ. जून २०१७ मध्ये महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, आणि मुंबईच्या शेअर बाजारात मोठ्या थाटात घंटा वाजवली. चोवीस तास पाणी मिळणार, ८२ टाक्या उभ्या राहणार, तीन लाखांहून जास्त मीटर बसणार. मीटर बसवायला गेलेल्यांना सोसायट्यांनी जिना चढू दिला नाही. पाणी चोवीस तास हवं, पण मोजलेलं नको, हा पुणेकरांचा तात्त्विक आग्रह. त्याचं खापर महापालिकेवर कसं फोडणार?

आणि एवढं झाल्यावरही ‘गुरुवारी पाणी बंद’ ही सूचना आपल्या जागी अढळ. पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे या जलकेंद्रांत देखभाल-दुरुस्ती, सबब अमुक भागात पाणी नाही, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. शहरातलं सगळ्यात प्रामाणिक सरकारी लेखन हेच, असं माझं मत आहे. उशिरा येईल म्हणतात, उशिरा येतं. कमी दाबाने म्हणतात, कमी दाबाने येतं. अंदाजपत्रकातल्या एका तरी ओळीबद्दल असं छातीठोक सांगता येईल का? त्या सूचनेनंतर बुधवारी रात्री घराघरांत पिंप, बादल्या, पातेली, कुकर, झालंच तर पोरांच्या वॉटरबॅगासुद्धा भरल्या जातात. शुक्रवारी नळाला धार आली की ते सगळं पाणी मोरीत ओतून देतात. शिळं झालं म्हणून. टंचाईवर सगळ्यात जोरात बोलणारी माणसं तीच.

मध्यंतरी दोन खेपेत चौतीस गावं हद्दीत घेतली आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका राज्यात सगळ्यात मोठी झाली. पुढे त्यांतली दोन गावं बाहेरही काढली, पण मोठेपणा पुरून उरला. तिथे निदान एक फायदा आहे. कित्येक ठिकाणी खाली लाइनच नाही, पाणी टँकरने येतं. त्यामुळे नकाशा अचूक आहे. कोरा आहे, पण अचूक आहे.

तरीही समजा एखाद्या आयुक्तांच्या मनात आलंच की जमिनीखालचं सगळं एकदा नीट नोंदवून घ्यावं, तर काय होईल ते मी आजच सांगतो. साधा उपाय म्हणजे शहरातल्या साऱ्या निवृत्त चावीवाल्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि ते बोलतील ते लिहून घ्यायचं. पण चहा-बिस्किटांना लेखाशीर्ष लागतं. म्हणून सल्लागार नेमायचं ठरेल. निविदा निघेल. अट अशी की गेल्या तीन वर्षांची उलाढाल काही कोटींची हवी, तत्सम कामाचा अनुभव तीन शहरांतला हवा, अनामत रक्कम आगाऊ आणि सही डिजिटल. मामांची सही अजून शाईचीच आहे, आणि अनुभवाच्या दाखल्यावर हुद्दा लिहिलाय ‘बिगारी’. तेव्हा काम परगावच्या एका मोठ्या कंपनीला जाईल. कंपनी आधी जमिनीखालचा अभ्यास करण्यासाठी ड्रोन उडवेल. दोन मुदतवाढी होतील, एक वाढीव खर्चाचा प्रस्ताव येईल, तो ऐनवेळचा विषय म्हणून मंजूरही होईल.

शेवटी कंपनीची दोन मुलं, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, जेईंना विचारतील की हे नेमकं कुणाला माहीत असेल. जेई पत्ता देतील. मुलं जिने चढून मामांकडे जातील. मामा त्यांना पाणी देतील, ताजं, मग चहा. मग खाली उतरतील, गल्लीच्या मधोमध उभे राहतील आणि म्हणतील, आंब्यापासनं चार पावलं. मुलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपतील. तीनशे पानांचा गुळगुळीत अहवाल तयार होईल, सादरीकरण होईल, टाळ्या पडतील. पहिल्याच पानावर नोंद असेल: ‘संदर्भबिंदू क्र. १, आंबा (जागेवर आढळला नाही).’