होम थिएटरसाठी टीव्ही कसा निवडावा: हौशी गृहस्थांसाठी शास्त्रशुद्ध पद्धत

मोठा टीव्ही घेण्याचा निर्णय सर्वांच्या संमतीने, पण एकट्याने घ्यायचा असतो. पुढील क्रम काटेकोरपणे पाळल्यास टीव्ही घरात नक्की येतो. तो तुम्हाला पाहायला कधी मिळेल, हा या मार्गदर्शनाचा विषय नाही.

पायरी पहिली: आकार जाहीर करणे

मनात ६५ इंच असतील तर घरात ८५ चा विषय काढावा. ८५ इंची पडदा सहा फुटांहून रुंद असतो, म्हणजे देव्हारा हलवावा लागेल, हे सर्वांच्या लक्षात येऊ द्यावे. पुरेसा गदारोळ झाला की तडजोड म्हणून ६५ वर यावे. टीव्ही तिरपा मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे ६५ इंची पडद्याची रुंदी पावणेपाच फूटच भरते. ‘उरलेले आठ इंच दुकानदाराने खाल्ले’ असा आरोप घरातून होईल. तो खोडू नये. तुम्ही कमी आकारावर समाधान मानले, असाच त्याचा अर्थ होतो.

पायरी दुसरी: अंतराचे गणित

सोफ्यावर टेकून बसावे आणि डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरायला लावावा. दहा फुटी हॉलमध्ये सोफ्याची जागा वजा जाता आठ फूट, म्हणजे ९६ इंच हाती लागतात. होम थिएटरवाल्यांचा ठोकताळा असा: साध्या पाहण्यासाठी या आकड्याला १.६ ने भागावे, उत्तर ६० इंच. थिएटरचा आव हवा असेल तर १.२ ने भागावे, उत्तर ८० इंच. टीव्ही जवळून पाहिला की डोळे जातात, या मताच्या वडीलधाऱ्यांनी कशानेही भागले तरी उत्तर ३२ येते.

उंचीचाही नियम आहे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर यावा. आपल्याकडे मात्र आजोबांच्या फोटोचा खिळा रिकामा असला की टीव्ही तिथे जातो. फोटोकडे येता-जाता दोन सेकंद पाहायचे असते, टीव्हीकडे दोन तास. मानेला हा फरक कळतो.

पायरी तिसरी: पॅनेल

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. ही किमया अंधारात खुलते. आपल्या हॉलची ट्यूबलाइट दिवेलागणीला लागते ती निजानीज होईपर्यंत, त्यामुळे त्या महागड्या काळ्यात तिचेच प्रतिबिंब स्वच्छ दिसेल. शिवाय दिवसभर बातम्या लावून ठेवणाऱ्या घरात ‘ब्रेकिंग न्यूज’ची पट्टी एकाच जागी राहून ओएलईडीवर कायमचा ठसा उमटवू शकते.

क्यूएलईडी हा मुळात एलसीडीच. त्यात मागून येणारा प्रकाश क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांवर पाडून रंग खुलवलेले असतात. या कणांच्या शोधाला आणि निर्मितीला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही माहिती मेव्हण्यांसमोर आवर्जून सांगावी. किमतीवर हुज्जत घालणारा माणूस नोबेलपुढे जरा दबतो. मागचा प्रकाश मिनी एलईडीचा असेल तर तो भागाभागांत कमी-जास्त होतो आणि ट्यूबलाइटशी बरोबरीने झुंजतो.

पायरी चौथी: दुकानात

दुकानातल्या टीव्हीवर नेहमी पोपट, प्रवाळ आणि कापलेली कलिंगडे असतात. रंग भडक केलेले असतात, कारण दुकानातल्या झगझगीत दिव्यांत शेजारच्या टीव्हीवर मात करायची असते. तुमच्या घरी कलिंगड लागणार नाही, मालिका लागणार आहे. म्हणून सेल्समनला साधी, एचडी नसलेली वाहिनी लावायला सांगावी. तो ‘सर, हा फोर-के आहे’ म्हणेल. आपण हटू नये.

यामागे गणित आहे. साध्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. फोर-के पडद्याचे ठिपके ८२,९४,४००, बरोबर वीसपट. याचा अर्थ सासूबाईंच्या नथीतल्या प्रत्येक वीस ठिपक्यांमागे एक वाहिनीने पाठवलेला आणि एकोणीस टीव्हीने अंदाजपंचे भरलेले. हा अंदाज ज्या टीव्हीला चांगला जमतो, तो तुमचा टीव्ही. पोपट सगळेच बरे काढतात.

किमतीबाबत दिलासा असा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे पुढच्या आकारात घालण्याचा मोह टाळावा. ते पुढच्या पायरीला लागतात.

पायरी पाचवी: आवाज

टीव्ही जितका सडपातळ, तितकी स्पीकरला जागा कमी. त्यातून बहुधा तोंड खाली करून बोलणारे स्पीकर येतात आणि नायक ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. यातले दोन श्रोत्याच्या बाजूला, किंचित मागे हवेत. आपला सोफा भिंतीला चिकटलेला असल्याने ‘मागे’ म्हणजे शेजाऱ्यांचे बेडरूम. तेव्हा साउंडबार घ्यावा आणि तो टीव्हीच्या ‘ई-आर्क’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच जोडावा. सबवूफर खालच्या मजल्यावरही उत्तम ऐकू येतो. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी राहत असतील तर रात्री दहानंतर तो बंद ठेवावा.

पायरी सहावी: प्रतिष्ठापना

बुकिंगआधी सोसायटीची लिफ्ट मोजावी. चार माणसांच्या लिफ्टमध्ये हे खोके आडवे मावत नाही, आणि त्यावरचे बाण ‘कोणत्याही बाजूवर उभे करा’ असे सांगत नाहीत. मग जिना, चार माणसे आणि चहा.

टीव्ही लागल्यावर पहिले काम सेटिंगमध्ये जाण्याचे. सिनेमा सहसा सेकंदाला २४ चित्रांवर घेतात. टीव्ही मधली चित्रे स्वतःच्या मनाने घालतो आणि कोट्यवधींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. हे बंद करा, अशी विनंती टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून केली होती. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळे नाव देते. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडावा, एका फटक्यात काम होते. घरच्यांना काही सांगू नये. मालिका मालिकेसारखीच दिसत राहील.

निकाल: आठ फुटांवर बसणाऱ्या, ट्यूबलाइट न विझवणाऱ्या आणि रोज मालिका पाहणाऱ्या घराला ५५ ते ६५ इंचांचा मिनी एलईडी टीव्ही आणि एक बरा साउंडबार पुरतो. याहून मोठा हवा असेल तर आधी भिंत मोठी घ्यावी. तिचे दर बिल्डरकडे मिळतील.