पन्नास मीटरचं वेड

शाळा सुटायच्या वेळी नाशिकमधल्या अंबडच्या कुठल्याही दुकानासमोर उभे राहा. दारावर पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या चिप्स-कुरकुऱ्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबत असतात. त्या माळा स्वतःच्या हाताने उतरवून त्यांच्या जागी फुटाण्यांची बरणी मांडणाऱ्या दुकानदाराला गल्ली वेडा म्हणते. मला त्या वेड्याचं कौतुक करायचं आहे, आणि ते मनापासून.

कायदा त्याच्याच बाजूने आहे. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून असले पदार्थ हद्दपार केले. पुढे केंद्राच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही त्यांच्या विक्रीला बंदी घातली. पण नियम काही माळा उतरवत नाही. त्यासाठी गल्ल्यावर पाणी सोडणारा माणूस लागतो.

एमआयडीसीत आई-बाप दोघंही पाळीला जातात. पोराच्या गळ्यात घराची किल्ली, मुठीत दहाची नोट. दमून आलेल्या त्या आईला मी बोल लावणार नाही. दहा रुपयांत पोट भरल्यासारखं वाटायला लावणारी पुडी शाळेच्या तोंडाशी टांगली, तर पोर दुसरं काय घेणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधीच्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातली दोनेक मुलं जास्त वजनाची होती. २०१९-२१ च्या फेरीत चार. त्याच शंभरात पस्तीस मुलं खुजी. तेल, मीठ आणि मैदा यांनी भूक मरते, अंग धरत नाही. म्हणून लठ्ठपणा हे श्रीमंतांच्या पोरांचं दुखणं, हे मला पटत नाही.

तसेच वेडे ते सोसायटीवाले, जे संध्याकाळी गाड्या रस्त्यावर लावून अंगण लगोरीला मोकळं करतात. गाडीला ओरखडा पडतो, काच फुटते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळं करतात. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल सांगते. सिडकोच्या दोन खोल्यांत तो तास कुठे मावणार? आणि परीक्षा तोंडावर आली तरी खेळाचा तास गणिताला न देणारे गुरुजी, पालकांची बोलणी खाऊन पोरांना मैदानावर सोडणारे, त्यांना तर माझा दंडवत.

येत्या सोमवारी मी मोजपट्टी घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी जाणार आहे. पट्टीचं दुसरं टोक धरायला फुटाणेवाल्याने होकार दिला आहे.