जास्वंदीचं हिवाळी अधिवेशन

फ्लॅट घेताना मी एकदम विज्ञाननिष्ठ झालो. पुण्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच फ्लॅट उरले होते. एकाचं दार उत्तरेला, दुसऱ्याचं दक्षिणेला. दक्षिणेच्या दाराला गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्याचा भाव बराच उतरला होता. आई म्हणाली, "यमाची दिशा रे ती." मी म्हटलं, "आई, दिशा कशा असतात त्या माणसाच्या मनात." समोरचा फ्लॅट काकूंनी घेतला, कुबेराच्या दिशेचे जास्तीचे पैसे मोजून. मी मनातल्या मनात हसलो.

दार दक्षिणेला म्हणजे गॅलरी उत्तरेला, हे गणित तिसरीतल्या पोरालाही सुटलं असतं. मला ते जास्वंदीने सोडवून दाखवलं.

जास्वंद नर्सरीतून आणली तेव्हा कळ्यांनी लगडलेली होती. पंधरा दिवसांत कळ्या गळाल्या. मग पानं उरली, तीही गॅलरीबाहेर मान काढून, बस यायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. शेणखत घातलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं, आईच्या सल्ल्याने दोन शब्द प्रेमाचेही बोललो. समोर काकूंच्या गॅलरीत मात्र शेवंती नुसती फुटली होती. पूजा झाल्यावर उरलेली फुलं त्या आम्हाला पाठवत. त्या परडीत मला कुबेराचं हसू दिसे.

शेवटी एका डिसेंबरातल्या दुपारी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना उलगडा झाला. ऊन त्यांची चार फुटांची गॅलरी ओलांडून हॉलमध्ये आणखी चार फूट आत आलं होतं आणि काकू त्यात पाय सोडून बसल्या होत्या. पुणं साडेअठरा अक्षांशावर. २१ डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो, तोही दक्षिणेकडे कलूनच. वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवू शकत नाही. सबंध हिवाळा ऊन दक्षिणेच्या गॅलरीचं. आमच्याकडे त्या दिवसांत उजेड येतो, ऊन येत नाही, आणि या दोहोंतला फरक माणसाला कळत नसला तरी जास्वंदीला बरोबर कळतो.

तेव्हा तोडगा काकूंनीच काढला. "तुमची बाई चार महिने आमच्याकडे राहू दे." विधानमंडळ नाही का थंडीत मुंबई सोडून नागपूरला जात, तशी आमची जास्वंद नोव्हेंबरात पॅसेज ओलांडून जाऊ लागली. सगळा प्रवास सहा पावलांचा. जानेवारीत तिला पहिलं फूल आलं. ते कुणाच्या गणपतीला वाहायचं हा प्रश्न उपस्थित झाला, आणि ज्याचं ऊन त्याचं फूल असा निवाडा काकूंनी स्वतःच स्वतःच्या बाजूने दिला.

पण सूर्यालाही पक्षांतराची सवय. मार्च उलटला की तो पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो. मेच्या मध्यावर एके दुपारी पुण्यात तो बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी गडप होते. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दिवसभर उत्तरेकडेच. मग आमच्या गॅलरीत सकाळी कोवळी तिरीप, संध्याकाळी पिवळी. दुपारी तो जवळजवळ माथ्यावर असल्याने स्लॅब त्याला अडवतो. जास्वंदीचं त्यावाचून अडत नाही. काकूंच्या गॅलरीत त्या दिवसांत उन्हाचा कवडसाही नाही. अर्थात निसर्गाने यातही मेख मारून ठेवली आहे: २१ जूनला सूर्य आमच्या बाजूला सर्वांत जास्त झुकतो, आणि नेमका तेव्हा आकाशात पाऊस भरून आलेला असतो.

तरी मे महिना आमचा. काकूंचा मोगरा तेव्हा रुसतो, म्हणून परवा सकाळी त्या त्याची कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दक्षिणेच्या दारात. उंबऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच घ्या आत," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याला चालतं हो. मी आपली इथेच बरी."

मी कुंडी उचलली. आईने आतून हळूच विचारलं, "त्याचा उजवा पाय कुठला रे?"