अश्वत्थाम्याचं दूध

द्रोणाचार्यांच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची पोरं दूध पिताना पाहून अश्वत्थाम्यानं हट्ट धरला, तेव्हा पाण्यात पीठ कालवून त्याच्या हाती ठेवलं गेलं आणि ते ‘दूध’ पिऊन पोरगं आनंदानं नाचलं. ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्याचा दाखला म्हणून सांगत आलो. आता ती बदलून सांगायला हवी. पीठ कालवलेलं पाणी हल्ली चकचकीत खोक्यात मिळतं, त्याला ओट मिल्क म्हणतात, आणि एका लिटरच्या पैशात दीड-दोन किलो हरभरे येतात. द्रोणाचार्य युग चुकले. आज असते तर द्रुपदाच्या दारात अपमान करून घेण्याऐवजी त्यांनी कंपनी काढली असती, द्रुपदानं तिचे शेअर घेतले असते आणि निम्मं महाभारत टळलं असतं. फक्त खोक्यावर ‘दूध’ लिहिता आलं नसतं, कारण वनस्पतींपासून केलेल्या पेयाला दूध म्हणायचं नाही, असं भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये बजावलं आहे.

साखर किंवा कोलेस्टेरॉल हद्दीबाहेर गेलं, की डॉक्टर मटणावर बोट ठेवतात, आणि हल्ली बरेच जण त्याच झटक्यात दूध-तूपही सोडून पाहतात. इथवर ठीक. गाडी घसरते ती पुढे. मटण सोडलेला माणूस दुसऱ्याच दिवशी बिनमटणाचं मटण शोधायला निघतो, दूध सोडलेला बिनदुधाचं चीज. जे सोडलं त्याच्याच नकलेवर तो अस्सल मालापेक्षा जास्त पैसे उधळतो आणि महिनाअखेरीस जाहीर करतो, की हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला परवडायचे नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की त्याचा खिसा पथ्यानं कापला नाही, नकलेनं कापला. प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्यासाठी ‘व्हेगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी घडवला. तिथं शब्द आधी आला आणि त्याला शोभेल असं जेवण मागाहून शोधावं लागलं. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम बायका मुकाट्यानं पाळत आल्या. जेवण होतं, शब्द नव्हता. म्हणून भाव चढला नाही.

नमुन्यादाखल पाहा: खानदेशातली कळण्याची भाकरी आणि ठेचा, कोकणातलं कुळथाचं पिठलं आणि काळ्या वाटाण्याची आमटी, देशावरचे हुलग्याचे शेंगोळे, सोलापूरची शेंगदाण्याची चटणी, विदर्भातली जवसाची. यात मांस नाही, दूध नाही, आणि ‘प्लांट-बेस्ड’ अशी चिठ्ठीही नाही. यावर कुणी चतुर वाचक म्हणेल, की नकलेची एवढी चीड आहे तर जुन्नरकडच्या मासवडीचं काय? ती तर माशाचं सोंग घेऊनच ताटात येते. मान्य आहे. पण मासवडीनं माशाचा फक्त आकार घेतला. आत खोबरं, तीळ, कांदा-लसूण आणि बाहेर बेसन. भावही तिनं बेसनाचाच ठेवला, पापलेटचा लावला नाही. असं सोंग कुणीही खुशाल करावं.

दुसरा आक्षेप प्रथिनांचा. मांस सोडलेल्या माणसाला प्रथिनं कुठून मिळणार, ही चिंता ज्याला स्वतःला किती प्रथिनं लागतात हे ठाऊक नसतं त्याला सर्वांत जास्त असते. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला जेमतेम पन्नास ग्रॅम. आता ताट मांडू. ज्वारीच्या दोन दणदणीत भाकऱ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ: पंधरा ग्रॅम. पन्नास ग्रॅम मटकीची उसळ: अकराच्या आसपास. चाळीस ग्रॅम तुरीचं वरण: नऊ. ऐंशी ग्रॅम तांदळाचा भात: सहा. तीस ग्रॅम दाण्यांची चटणी: सात. बेरीज अठ्ठेचाळीस, आणि सकाळचे पोहे अजून हिशेबात धरलेच नाहीत. धान्यात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. वरण-भाताचं हे लग्न पत्रिका न बघता जमलं आणि टिकलं. तूर महागली तर मसूर, चवळी, हुलगा आहेत. तेही नको असतील तर सोयाबीनच्या वड्या आहेत, ज्यांच्या वजनात निम्मी प्रथिनं असतात. त्या चवीला स्पंजसारख्या लागतात ही तक्रार रास्त आहे, पण स्पंजही झणझणीत रश्श्यात बुडवला तर बरा लागेल.

पण मांस-दूध सोडल्याचा प्रकृतीला उपयोग होतो का? नील बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मधुमेहाच्या ९९ रुग्णांवरचा २२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला कमी तेलाचा, संपूर्ण वनस्पतिजन्य आहार. दुसऱ्याला अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेच्या शिफारशींप्रमाणे. तीन महिन्यांच्या साखरेची चुगली करणारा एचबीएवनसी पहिल्या गटात ०.९६ अंकांनी उतरला, दुसऱ्यात ०.५६ अंकांनी. सुधारले दोघेही, पहिला गट जास्त. यातला ‘कमी तेलाचा’ हा शब्द मात्र आपले लोक सोयीनं गाळतात. बटाटेवड्यात मांस नाही, दूध नाही. शेव, फरसाण, साबुदाण्याच्या तळलेल्या चकल्या, साखर, मैदा या सगळ्यांचं सोवळं याबाबतीत कडक आहे. वड्यांवर जगणारा माणूस काटेकोर व्हेगन ठरेल आणि तसाच दवाखान्यात भरती होईल. ताटातून काय काढलं याला अर्धे गुण; रिकाम्या जागी काय वाढलं याला उरलेले.

विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवायला नको. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४८ हजार लोकांवर १८ वर्षं लक्ष ठेवून २०१९ मध्ये सांगितलं, की शाकाहारी गटात हृदयविकार मांसाहारींपेक्षा २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासातून कळलं, की दूधही न घेणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त होतं. कॅल्शियम आणि प्रथिनं यांचा हिशेब घातल्यावर फरक कमी झाला, पुसला गेला नाही. तेव्हा दूध सोडणाऱ्यानं नाचणीशी सोयरीक जोडावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या शंभर ग्रॅम दुधात एकशेवीसच्या. ही तुलना थोडी लबाडीची आहे, कारण नाचणी कोरडी आणि दूध बरंचसं पाणी. शिवाय नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून तिला मोड आणून सत्त्व काढायची जुनी रीत शहाणपणाची. जोडीला तीळ, शेवगा आणि हाडांना कामाला लावणारी चाल हवी. बी-१२ जीवनसत्त्वाबाबत मात्र तडजोड नाही. ते वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. पूर्वजांना कुठं गोळ्या लागत होत्या, असं विचारणाऱ्यांनी एवढं आठवावं, की पूर्वज ताक पीत होते आणि आपण ते आत्ताच बंद केलं आहे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. साखर उतरली आणि मात्रा तीच राहिली, तर भोवळ येते.

सर्वांत अवघड आक्षेप शास्त्रातला नसून सोयऱ्यांतला आहे. मांस सोडलं म्हटलं, की “फोडी बाजूला काढा, नुसता रस्सा घ्या” हा तोडगा तयार. दूध सोडलं म्हटलं, तर तो समोरच्याच्या डोक्यातच शिरत नाही. “दूध नाही ना? मग कढी घ्या, कढीत ताक असतं.” “तूप तर चालतंच, तुपात दूध कुठंय?” बिनदुधाचा चहा पुढं करायचा म्हणजे घरात दूध संपल्याची कबुलीच, म्हणून यजमान शेजारून अर्धी वाटी आणतात आणि पाहुण्याचं पथ्य आपल्या अब्रूपायी मोडतात. यावर वाद घालू नये. गवती चहा, आलं, गूळ असा कोरा चहा औषध म्हणून मागावा. ‘आवडत नाही’ म्हणणाऱ्याला आपला समाज आग्रहानं छळतो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणणाऱ्याला लगेच सोडतो. वरण-भातावर तुपाऐवजी लिंबू आणि कच्च्या करडईच्या तेलाची चमचाभर धार चालते. कढीच हवी तर सोलकढी आहे, आणि नारळाच्या दुधाला दूध म्हटलं म्हणून कोकणात कुणी कधी भांडलं नाही.

तेव्हा प्रकृतीसाठी हे करून पाहायचंच असेल, तर सुरुवात मॉलमधून करू नका. खोकी, चीज आणि नकली मटण तिथंच राहू द्या, त्यांना वर्षभर काही होत नाही. वाण्याकडून पाव किलो मटकी आणा आणि आज रात्री वाटीभर भिजत घाला. उद्या फडक्यात बांधा. परवा मोड येतील, आणि शंभराच्या नोटेतली मोडही खिशात राहील.